आडवं माप

१

दुपारची भांडी झाली की मी गॅलरीत बसते. पाथर्डी फाट्यावरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये दोन ते चार या वेळेत कुकरसुद्धा शिट्टी मारत नाही. पुरुष अंबडच्या कंपन्यांत, पोरं शाळेत, बायका आडव्या. माझ्या मांडीवर स्टीलचं ताट असतं, ताटात जुन्या मखमलीचा तुकडा, म्हणजे मणी घरंगळत नाहीत. डाव्या हाताला मेणाचा खडा, उजव्या हाताला कात्री. बावीस वर्षं मी हेच करते आहे. मंगळसूत्रं ओवली, तन्मणी ओवले, संक्रांतीला नव्या सुनांचे हलव्याचे दागिने केले. दीपक, माझा नवरा, म्हणतो की उज्वला, तुला घरातली माणसं दिसत नाहीत, मणी बरोबर दिसतात. तो हे थट्टेत म्हणायचा.

इजिप्तचं खूळ माझ्या मुलीचं, स्नेहाचं. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने कुठेतरी चित्रं पाहिली: गळ्यापासून खांद्यापर्यंत पसरलेले रुंद हार, निळे-हिरवे, दोन्ही टोकांना ससाण्याची तोंडं. "आई, हे तू सहज करशील." सहज नव्हतं, पण केलं. मग डोळ्याचं पदक केलं, पंख पसरलेली देवी केली, मांजर केली आणि तो किडा केला. गंगापूर रोडच्या एका प्रदर्शनात एक बाई म्हणाल्या, "कासव छान आहे हं." स्नेहा म्हणाली, "कासव नाही काकू, शेणकिडा. त्यांचा देव आहे, रोज सकाळी सूर्य ढकलत आणतो." बाईंनी तो असा खाली ठेवला की जणू हाताला शेणच लागलं. पण कॉलेजच्या पोरी घेतात. स्नेहाच्या गळ्यात घालून फोटो काढायचे, तिनेच ते मोबाईलवर टाकायचे, आणि मी ओवत बसायचं.

संक्रांत उलटली की आमच्या कामाला ओहोटी लागते. अशाच रिकाम्या आठवड्यात ती ऑर्डर आली. पाठवणाऱ्याचा फोटो नाही, नाव नाही. गाव इगतपुरी, एवढंच. स्नेहाने मोठ्याने वाचून दाखवलं. "रुंद हार हवा. सात पदरी. मधोमध किडा. मणी आम्ही पाठवू." मराठी एकदम शुद्ध, जुन्या पत्रातली. मग पुढची ओळ: "फासा नको. मागे वजनही नको. मागे काही असलं की टोचतं."

हे हार पुढून जड असतात. गळ्यात घातले की पुढे ओघळतात, म्हणून मागे पाठीवर एक वजनदार लोलक सोडावा लागतो. तो नको म्हणजे हार गळ्यात राहणार नाही, आणि फासा, म्हणजे उघडबंद करायची कडी, नको म्हणजे एकदा घातला की निघणार नाही.

"भिंतीवर लावणार असतील," मी म्हटलं. "फ्रेम करून."

"मग टोचतं कुणाला?" स्नेहा हसली. मीही हसले आणि भाजी निवडायला घेतली.

२

चार दिवसांनी मणी आले. जुना पत्र्याचा डबा, झाकण गच्च बसलेलं. पत्त्यातली शाई ओलीने पसरली होती. आत कापूस, कापसाखाली नळीमणी. निळे, मोरपंखी, काही उन्हात वर्षानुवर्षं पडल्यासारखे फिकट. काच नव्हती, प्लास्टिकही नव्हतं. भाजलेल्या मातीवर झिलई दिल्यासारखं काहीतरी. हातात घेतले तर थंड लागले. फेब्रुवारी आहे, म्हटलं. मग मुठीत धरून चांगली दहा मिनिटं बसले. मूठ गार पडली, मणी होते तसेच राहिले.

मण्याचं भोक बघायची मला सवय आहे. नव्या मण्याचं भोक धारदार असतं, दोरा कापतं. यांची भोकं घासून गुळगुळीत झाली होती. बऱ्याच मण्यांत जुन्या दोऱ्याचे तुकडे अडकलेले होते. सुईने ढकलले तर त्यांची पूड झाली. म्हणजे हे मणी आधी ओवलेले होते, आणि कुणीतरी ते मोकळे केले होते. कुणी मोकळे केले नव्हते, दोराच संपला होता, असंही असेल.

"व्हिंटेज आहेत आई! भारीच."

"जुन्या बाजारातले असतील," मी म्हटलं. रिठ्याच्या पाण्यात दिवसभर भिजवले. तीनदा पाणी बदललं तरी वास गेला नाही. घाण वास नव्हता. खूप दिवस बंद असलेली खोली उघडल्यावर येतो, तसा वास होता.

डब्याच्या तळाशी चिठ्ठी निघाली. हातचं अक्षर, बोरूने लिहिलेलं असावं तसं. "हार याच डब्यातून परत पाठवावा. माप घरातल्या कुणाचंही चालेल. फक्त आडवं घ्यावं."

३

यात काही वावगं नव्हतं, हे मी आजही म्हणेन. उभ्या माणसावर हार उतरणीला लागतो, आडव्या माणसावर तो सपाट पसरतो. कमान बदलते. फ्रेममध्ये सपाट बसायचा असेल तर आडवंच माप बरोबर. कुणीतरी जाणकार माणूस आहे, मला वाटलं. आमच्याकडे दागिने अडकवायला लाकडी धड आहे, पण ते उभं.

स्नेहा कॉलेजहून येऊन झोपली होती. ही पोरगी जन्मल्यापासून मुटकुळं करून झोपते. गुडघे पोटाशी, एक हात गालाखाली. त्या दुपारी मात्र उताणी होती. बरंच झालं, म्हटलं.

दोऱ्याला मेण लावून मी तिच्या उशाशी बसले. मानेखालून दोरा घ्यायचा तर डोकं उचलायला हवं. मी हात पुढे करणार तेवढ्यात तिनेच उचललं. उशीपासून चार बोटं वर. डोळे मिटलेले. मी या बाजूने दोरा आत सरकवला, आणि दुसऱ्या हाताने पलीकडे चाचपते तोच दोऱ्याचं टोक अलगद माझ्या बोटांत आलं. "शहाणी गं माझी बाय," मी म्हटलं. गळ्याच्या खळग्यापाशी दोन्ही टोकं जुळवली आणि दोरा कापला. तिचं डोकं हळूहळू उशीवर गेलं. कुणी झोपलेलं मूल खाली ठेवतं, तसं.

कात्रीचा आवाज झाला आणि मला मालनबाई आठवली. मालनबाई पटवेकरीण. सराफ बाजारातल्या एका बोळात जिन्याखाली तिचं दुकान, आणि तिथेच मी ओवायला शिकले. गाठ कशी मारायची, दोरा किती मेणवायचा, सगळं तिचं. मापाचा दोरा टाकायचा नाही, जाळायचा नाही, पहिला पदर त्याच्यावरच ओवायचा, ही पद्धतही तिचीच. आणि एक गोष्ट ती शिकाऊ पोरींना दर महिन्याला सांगायची: "उभ्याचं माप घ्यावं, बसल्याचं घ्यावं. निजल्याचं नाय. माणसाचं आडवं माप येकदाच घेत्यात."

शुभ-अशुभाचं वेड घेतलेली म्हातारी, मी म्हटलं. आणि त्याच दोऱ्यावर पहिला पदर ओवायला घेतला.

संध्याकाळी चहा घेताना मी स्नेहाला म्हटलं, "बरं झालं, तू डोकं उचललंस."

"मी? मी तर ठार झोपले होते."

४

मणी दोऱ्यावरून घसरत आधीच्या मण्यावर बसतो तेव्हा एक बारीक आवाज होतो. टिक. बाहेरच्याला ऐकूही येणार नाही. माझ्या कानाला तो बावीस वर्षं आहे.

दुसऱ्या पदराच्या वेळी मला तो दोनदा ऐकू यायला लागला. एक मांडीवरचा, आणि क्षणभराने एक आतल्या खोलीतला. प्रतिध्वनी असेल. पण गॅलरीतला आवाज दिवाणखाना ओलांडून स्नेहाच्या खोलीतून परत कसा येईल? मग घड्याळ असेल, म्हणून मी थांबले. काहीच नाही. एक मणी ओवला. टिक. आतून टिक. दोन पटापट ओवले. आतून दोन, पटापट.

उठून आत गेले. स्नेहा झोपली होती. उताणी, दोन्ही हात अंगालगत सरळ, पायाचे अंगठे छताकडे. खोलीत कसलाही आवाज नव्हता.

त्यानंतर ती रोज तशीच झोपायला लागली. आणि जास्त झोपायला लागली. पहिल्या पदराला पाचला उठायची, तिसऱ्या पदराला आठला. चौथ्या पदराच्या आठवड्यात कॉलेज बुडवलं. पाचव्याला जेवताना मान टाकायची. मान गार लागते म्हणायची, मफलर गुंडाळून बसायची. डॉक्टरांनी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन कमी आहे म्हणाले, लोहाच्या गोळ्या दिल्या. दीपकने मोबाईलवर खापर फोडलं. मला दोघांचंही पटलं. पटवून घेतलं म्हणा ना. आणि दुपारी दोन वाजले की मी ताट घेऊन बसत होते, कारण हाती घेतलेलं काम अर्धवट टाकणं माझ्या स्वभावात नाही.

५

सहावा पदर पुरा झाला त्या दिवशी मात्र मी ताट उचलून माळ्यावर ठेवलं. भीती वगैरे नाही. डोळ्यांना विश्रांती, असं स्वतःला सांगितलं.

स्नेहा दुपारी झोपली ती रात्री जेवायला उठली नाही. सकाळी उठली नाही. हलवलं, तोंडावर पाणी मारलं. दुसऱ्या दिवशी बारा वाजता तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "थांबलीस का?"

"काय थांबले?"

"काय?" ती म्हणाली. तिला आपण काही बोललो हेच ठाऊक नव्हतं.

मग मला राग आला. मी ताट खाली काढलं. गेला उडत तो इगतपुरीवाला, म्हटलं, आणि सहाव्या पदराची गाठ सोडून मणी काढायला लागले. एक, दोन, तीन. चौथा काढला आणि आतून आवाज आला. धावत गेले. पोरीचं तोंड उघडं होतं. श्वास आत गेला होता आणि बाहेर येत नव्हता. ओठ त्या मण्यांच्या रंगाचे व्हायला लागले होते. मी पाठ चोळली, गाल थोपटले, हाका मारल्या. आणि मग, कसं सुचलं देव जाणे, तिच्या शेजारी बसून मी ते चार मणी परत ओवले. सुई दोनदा बोटात गेली. चौथा मणी बसला, टिक, आणि तिचा श्वास सुटला.

दम्याचा झटका असेल, मी दीपकला सांगितलं. डॉक्टरांनी छाती तपासली. छाती स्वच्छ होती.

६

दुसऱ्या दिवशी हार पिशवीत घालून मी रिक्षाने सराफ बाजारात गेले. मालनबाई आता एक्याऐंशीची. सून योगिनी वर राहते, पण ही अजून जिन्याखालच्या त्या ओट्यावर दिवसभर बसते, भिंगाचा चष्मा लावून मंगळसूत्रं ओवते.

"ये. लय दिसांनी वाट चुकलीस."

मी हार तिच्यासमोर उलगडला. तिने बघितला, हात लावला नाही.

"माप कुणाचं?"

"माझ्या मुलीचं. स्नेहाचं."

"उभ्यानं घेतलं का बसून?"

मी पिशवीची घडी घालायला लागले. बाहेर कुणीतरी चांदीच्या वाट्या घासून चकचकीत करत होतं, त्याचा आवाज येत होता.

"तुला किती येळा सांगितलं व्हतं गं?"

"मला वाटलं, नुसती म्हणायची पद्धत आहे."

"पद्धतच हाय ती. पद्धत काय उगाच पडती व्हय?"

"पण हे आहे तरी काय, मालनबाई?"

"मला काय ठावं? ठावं असतं तर मी इथं जिन्याखाली बसले असते?" ती चिडली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "उसवू नको. थांबू बी नको. दोन्ही करून बघितलंस ना?"

हे मी तिला सांगितलं नव्हतं.

"ओवलेल्याला माप लागतं. त्यातलं येक काढायचं तर दुसरं घालावं लागतं. शेवटची गाठ बसायच्या आधी."

"कुणाचं घालू?"

"ते मी कसं सांगू?" तिने चष्मा काढला, पदराने पुसला आणि बराच वेळ पुसत राहिली. "केवढी गं आता पोरगी?"

"वीस पुरी होतील."

"हं."

योगिनीने चहा आणून दिला आणि वर गेली. मालनबाईने बशीत ओतून चहा संपवला. ओट्यावरचा पसारा एका बाजूला सारला. "मी जरा पडते," ती म्हणाली, "पाठ धरलीय." आणि चटईवर उताणी झाली.

बावीस वर्षांत मी तिला आडवं झालेलं पाहिलं नव्हतं. दुपारी डुलकी लागली तरी भिंतीला टेकून, बसल्याबसल्याच. आज तिने दोन्ही हात पोटावर ठेवले आणि डोळे मिटले. मेणवलेल्या दोऱ्याचं रीळ तिच्या उशाशी होतं. शेजारी कात्री होती, मूठ माझ्याकडे केलेली. ती मुद्दाम तशी ठेवली होती, असं मी तेव्हापासून रोज स्वतःला सांगते.

७

मी खूप वेळ बसले. तिचा श्वास लांब झाला, घोरणं लागलं. बोळातून माणसं जात होती, पण वाकून जिन्याखाली कुणी बघत नव्हतं.

नुसता दोरा आहे, मी स्वतःला सांगितलं. माप घेतल्याने कुणाला काही होत नसतं, आणि होत नसेल तर घ्यायला हरकत काय? स्वतःचं का नाही दिलं, असं कुणी विचारेल. झोपलेल्या माणसाला स्वतःचं माप घेता येत नाही, हे एक उत्तर आहे. पण दीपकला सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. मला जगायचं होतं आणि माझी पोरगी मला हवी होती, दोन्ही.

दोरा ओढून घेतला. मनात म्हटलं, डोकं उचललं नाही तर मी घरी जाईन. नाही उचललं तर हे सगळं खोटं.

मालनबाईचं डोकं चटईवरून उचललं गेलं. चार बोटं. घोरणं तसंच चालू होतं.

मी दोरा आत सरकवला. दुसरा हात पलीकडून पुढे केला, आणि टोक माझ्या बोटांत आलं. या वेळी मी बघितलं. आधी टोकच पाहिलं, मग ते कुणी धरलंय ते पाहिलं. त्या चार बोटांच्या फटीत अंधार होता, आणि अंधारातून दोन बोटं बाहेर आली होती, चिमटीत दोरा धरून, देण्यासाठी. मी तो घेतला. बोटं आत गेली.

मालनबाईचे दोन्ही हात तिच्या पोटावर होते.

मी दोरा कापला. उठताना डोकं जिन्याला आपटलं. मागे वळून बघितलं नाही.

घरी येऊन मापाचा दोरा बदलला. जुन्या दोऱ्याच्या शेपटाला नवा बांधायचा आणि इकडून हळूहळू ओढायचा, म्हणजे जुना निघत जातो, नवा आत शिरत जातो आणि मणी एक क्षणही मोकळे होत नाहीत. हीसुद्धा मालनबाईचीच शिकवण. स्नेहाचा दोरा पुरता बाहेर आला तेव्हा आतल्या खोलीतून हाक आली, "आई, काही खायला आहे का?"

मी तिला थालीपीठ लावून दिलं. तीन खाल्ली तिने. मी मोरीत जाऊन रडले. आनंदाने रडले, खोटं कशाला सांगू?

तो काढलेला दोरा टाकता येईना, जाळता येईना. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळला आणि त्या पत्र्याच्या डब्यात, कापसाच्या खाली ठेवला. स्नेहाला त्या डब्याचा वास नकोसा व्हायचा, ती त्याला हात लावत नसे. त्याचं काय करायचं ते मालनबाईला विचारू, म्हटलं. जिचं माप घेऊन आले होते तिलाच विचारायचं ठरवताना मी अडखळलेही नाही.

८

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सातवा पदर पुरा केला. आतून आवाज येत नव्हता. स्नेहा मैत्रिणीशी फोनवर खिदळत होती. तीन वाजून काही मिनिटांनी शेवटची गाठ मारली. चार वाजता योगिनीचा फोन आला.

गेले तेव्हा ओट्यासमोर चपला जमल्या होत्या. बाया म्हणत होत्या, सोन्यासारखं मरण आलं, एक दिवस कुणाचं करून घेतलं नाही, झोपेत गेली. मीही मान हलवली. योगिनीने मला बाजूला घेतलं. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"ताई, तुम्हाला एक सांगू? कुणाला बोलले नाही. मी उठवायला गेले ना, तर मान वर उचललेली होती. खाली उशी नाही, काही नाही. अशी अधांतरी. मी खाली हात घालून बघितला."

"आणि?"

"काही नव्हतं," ती म्हणाली. "पण गार होतं."

परत येताना रिक्षात मी हिशेब मांडत होते. एक्याऐंशी वर्षांची बाई, पाठदुखी, झोपेत हृदय बंद पडलं. दोऱ्याने माणूस मरत नाही. हे खरं असेल तर मी निर्दोष आहे. पण मग दोरा घेतलाच कशाला? माझा विश्वास नव्हता तर मी तिच्या उशाशी बसलेच नसते. आणि विश्वास होता, तर मी काय केलं ते मला पक्कं ठाऊक होतं. हे गणित मी कितीही वेळा मांडलं तरी त्यातून मी सुटत नाही.

घरी आले तर दीपकने दार उघडलं. "तुझं एक काम करून टाकलं," तो म्हणाला. मला वाईट वाटत असेल म्हणून मुद्दाम प्रेमाने बोलत होता. "तो कुरियरवाला आला होता, इगतपुरीचं पार्सल न्यायला. हार ताटातच होता. डब्यात नीट कापसावर ठेवला, झाकण लावून चिकटपट्टी मारून दिला. बरोबर केलं ना?"

मी चप्पल काढत होते. एक पायात, एक हातात, तशीच उभी राहिले.

"कापूस काढला होतास का?" मी विचारलं.

"नाही गं. तसाच होता, त्याच्यावरच ठेवला. का?"

९

आज दुपारी मेसेज आला. स्नेहाने झोपायला जाताना मोबाईल माझ्या हातात दिला. "तुझे इगतपुरीवाले बघ. खूश दिसतायत."

"हार नीट बसला. मागे काही टोचत नाही. कापसाखाली ठेवलेलं दुसरं मापही मिळालं. आभार. या वेळी ओवायची तसदी घेऊ नये, इथे हात आहेत."

मी आत धावले. स्नेहा झोपली होती. मुटकुळं करून, गुडघे पोटाशी, एक हात गालाखाली. लहानपणी झोपायची तशी. मी पलंगाच्या कडेला बसले आणि माझा उजवा हात तिच्या मानेखाली सरकवला, पुरता, पलीकडे बोटं निघेपर्यंत. तिथे दुसऱ्या कुणाचा हात मावू नये म्हणून. हलवलं नाही तिला. उठवलं आणि ती उठली नाही तर काय, या भीतीने उठवलं नाही.

ती झोपेत वळली. उताणी झाली. गालाखालचा हात निघाला आणि अंगालगत सरळ गेला.

दोन वाजून गेले आहेत. बिल्डिंग शांत आहे. घरात ओवणारं कुणी नाही, ताट रिकामं आहे, मी स्वतः बघून आले. तरी आवाज येतोय, अगदी बारीक, एकसारखा, सवयीच्या हाताचा. टिक. टिक. हात अवघडून मुंग्या आल्यात पण मी काढणार नाही. इतका वेळ तिचं डोकं माझ्या तळव्यावर जड होतं, नुसतं जड, झोपलेल्या पोराचं असतं तसं. आता हलकं लागायला लागलंय.